इंग्रजी वाक्य कसं बांधायचं? सिटिझनशिपच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या आपल्या ज्येष्ठांसाठी

आपल्या समाजातले बरेच आईवडील मुलामुलींच्या मागे अमेरिकेत आले. कोणी ठाणे-मुंबईहून थेट आले, तर कोणी इस्राएलमध्ये काही वर्षं काढून इथे पोहोचले. ग्रीन कार्ड मिळून साधारण पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो. मग घरात विषय निघतो, "आईला इंग्रजी जमेल का?" आई मनातल्या मनात घाबरते. शब्द तिला ठाऊक असतात. टीव्ही बघून, दुकानात ऐकून दोन-चारशे शब्द कोणालाही येतात. अडतं ते शब्द जोडताना. हा लेख शब्द जोडण्याबद्दल, म्हणजे वाक्याच्या बांधणीबद्दल आहे.

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत, कारण आधी कानाला आणि जिभेला सवय व्हायला हवी. लिहिण्याचा सराव करताना हीच वाक्यं नातवंडांकडून वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या आणि त्यांच्याखाली स्वतः लिहा.

परदेशी भाषेचं व्याकरण मराठीतून शिकणं आपल्या लोकांना नवीन नाही. १८३२ साली मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन यांनी खास बेने इस्राएल लोकांसाठी हिब्रू व्याकरणाचं पुस्तक मराठीत काढलं होतं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं करून ठेवली. आपल्या आजोबा-पणजोबांनी मराठीचा हात धरून हिब्रू शिकून घेतली. इंग्रजीही त्याच वाटेने शिकता येते.

परीक्षेत इंग्रजी किती?

यूएससीआयएसच्या मुलाखतीत इंग्रजीचे तीन भाग असतात.

बोलणं : याची वेगळी परीक्षा नसते. अधिकारी तुमच्या एन-४०० अर्जातलेच प्रश्न विचारतो आणि त्यावरून तुम्हाला समजतं का, बोलता येतं का, हे ठरवतो.

वाचन : तीन वाक्यांपैकी एक नीट वाचता आलं की झालं.

लेखन : अधिकारी सांगेल ते लिहायचं. तीनपैकी एक वाक्य जमलं की पास. स्पेलिंगची किंवा कॅपिटल अक्षराची बारीक चूक चालते, फक्त अर्थ कळला पाहिजे. शब्द तोडून, संक्षेप करून मात्र लिहू नका.

याशिवाय सिव्हिक्स, म्हणजे इतिहास आणि राज्यकारभाराचे प्रश्न असतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात.

पहिल्या खेपेला एखादा भाग राहिला तर घाबरायचं नाही. तेवढ्याच भागासाठी ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात.

इंग्रजी कोणाला माफ आहे?

अभ्यासाला लागण्याआधी हे बघून घ्या, कारण कित्येकांना ठाऊकच नसतं. अर्ज भरायच्या दिवशी वय ५० किंवा जास्त असेल आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ असते. वय ५५ किंवा जास्त आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं, तरीही माफ. सिव्हिक्स द्यावी लागते, पण ती दुभाषा नेऊन मराठीत देता येते. वय ६५ किंवा जास्त आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं असतील, तर सिव्हिक्सची यादीही फक्त २० प्रश्नांची असते. त्यातले १० विचारतात, ६ बरोबर आले की पुरे. स्मरणशक्ती फार कमी झाली असेल किंवा तसाच दुसरा गंभीर आजार असेल, तर डॉक्टरकडून एन-६४८ हा फॉर्म भरून घेऊन सूट मागता येते.

पण साठी-सत्तरीत अमेरिकेत आलेल्यांची १५-२० वर्षं भरायला वेळ लागतो. त्यांना इंग्रजीला सामोरं जावंच लागतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

१. क्रियापद मध्ये आणा

शाळेत शिकलेलं आठवा : कर्ता, कर्म, क्रियापद. "सारा मलिदा करते." सारा कर्ता, मलिदा कर्म, करते क्रियापद. मराठीत क्रियापद शेवटी बसतं. बायबलच्या हिब्रूत ते पुष्कळदा सुरुवातीलाच येतं, "करते सारा मलिदा" अशा धाटणीने. इंग्रजीत ते मध्ये बसतं : "सारा मेक्स मलिदा." करणारा आधी, मग काम, मग ज्यावर काम होतं ती वस्तू.

आम्ही टॅक्स भरतो. वी पे टॅक्सेस.
अब्राहम पेपर वाचतो. अब्राहम रीड्स द न्यूजपेपर.
मला फोन कळतो, अक्षरं कळत नाहीत. इथे "मला" आलं. त्याची गोष्ट थोडी वेगळी, ती पुढे बघू.

मराठीत शब्द हलवले तरी अर्थ टिकतो. "रिव्काला सारा भेटली" आणि "सारा रिव्काला भेटली" यांचा अर्थ एकच, कारण "ला" हा प्रत्यय सांगतो कोण कोणाला भेटलं. इंग्रजीत असा प्रत्यय नाही, तिथे जागाच अर्थ सांगते. "सारा हेल्प्स रिव्का" म्हणजे मदत सारा करते. "रिव्का हेल्प्स सारा" म्हटलं की मदत करणारी रिव्का झाली. म्हणून इंग्रजीत शब्दांच्या जागा बदलायच्या नाहीत.

२. कर्ता गाळायचा नाही

"कधी आलात?" "काल आलो." मराठीत एवढं पुरतं. "आलो" म्हटल्यावर कोण आलं ते कळतंच. इंग्रजीत "केम यस्टरडे" असं म्हटलं तर समोरचा विचारात पडेल, कारण आय, यू, ही, शी, दे सगळ्यांना "केम" एकच. म्हणून कर्ता बोलावाच लागतो : "आय केम यस्टरडे."

कर्ता नसेल तरी इंग्रजी एक उभा करते. "पाऊस पडतोय" याला "इट इज रेनिंग." "उशीर झाला" याला "इट इज लेट." हा "इट" म्हणजे कोण, असं विचारू नका. वाक्याच्या दारात कोणीतरी उभं पाहिजे म्हणून तो असतो, एवढंच.

३. "मला"चं पुष्कळदा "आय" होतं

मराठीत भूक मला लागते, थंडी मला वाजते, राग मला येतो. भूक कर्ता आणि मी बिचारा तिच्या तावडीत! इंग्रजीत या सगळ्यांत माणूसच कर्ता होतो.

मला भूक लागली. आय अ‍ॅम हंग्री.
मला थंडी वाजते. आय अ‍ॅम कोल्ड.
मला इंग्रजी थोडं येतं. आय नो अ लिटल इंग्लिश.
मला दोन मुलं आहेत. आय हॅव टू चिल्ड्रन.
मला समजलं नाही. आय डोन्ट अंडरस्टँड.

शेवटचं वाक्य पाठच करा, आणि त्याच्या जोडीला "प्लीज रिपीट द क्वेश्चन." मुलाखतीत हे म्हणणं चूक नाही. अधिकाऱ्याने प्रश्न पुन्हा विचारावा, वेगळ्या शब्दांत सांगून बघावा, असा नियमच आहे. न समजता मान हलवण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

४. "आहे" विसरू नका

"मी योसेफ." "ही माझी बहीण." मराठीत "आहे" नसलं तरी चालतं. हिब्रूतही "अनी योसेफ" म्हटलं की वाक्य पुरं होतं, वर्तमानकाळात "आहे" लागतच नाही. या दोन्ही भाषा आपल्या ओठांवर असल्यामुळे इंग्रजीत आपल्या लोकांकडून हमखास "आय योसेफ", "माय सन डॉक्टर" असं निघतं. इंग्रजीला "आहे" लागतंच.

आयला अ‍ॅम : आय अ‍ॅम अ परमनंट रेसिडेंट.
एकाला इज : माय सन इज अ डॉक्टर.
अनेकांना आणि यूला आर : माय डॉटर्स आर इन न्यू जर्सी.

५. आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नाही

"बाबा रेल्वेत होते." "आमचे हे रेवदंड्याचे." मराठीत मोठ्यांना एकेरी बोललं तर कानाला टोचतं, म्हणून आपण इंग्रजीतही "माय फादर वेअर" किंवा नवऱ्याबद्दल "दे लिव्ह विथ मी" म्हणून जातो. मग अधिकारी विचारतो, "घरात आणखी किती जण राहतात?" आणि गोंधळ सुरू होतो. इंग्रजीत एक माणूस म्हणजे एकवचन, मग तो कितीही मोठा असो. "माय फादर वॉज इन द रेल्वे." "माय हजबंड लिव्ह्ज विथ मी. ही इज सेव्हन्टी." यात अनादर नाही.

जुन्या वळणाच्या बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. नवऱ्याचं नाव विचारलं की लाजून मुलाकडे बघू नका. पूर्ण नाव स्पष्ट सांगायचं.

६. मागचं पुढे येतं

मराठीत "टेबलावर", "घरात", "मुलाबरोबर", सगळं नामाच्या मागे चिकटतं. इंग्रजीत तोच तुकडा पुढे सुटा येतो : ऑन द टेबल, इन द हाउस, विथ माय सन. राहण्याच्या जागेला "इन" : आय लिव्ह इन क्वीन्स. ज्या गावचे त्याला "फ्रॉम" : आय अ‍ॅम फ्रॉम अलिबाग. दिवसाला "ऑन" : आय गो टू द सिनेगॉग ऑन सॅटर्डे. महिन्याला आणि सालाला "इन" : आय केम इन २०१८.

तारीख सांगताना सावध राहा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर येतो. ४ जुलैला जन्मलेल्या माणसाने फॉर्मवर आपल्या सवयीने चार-सात लिहिलं तर इथे ते ७ एप्रिल होतं. बोलताना आकडे नका सांगू, महिन्याचं नाव घ्या : "जुलै फोर्थ, नाइन्टीन फिफ्टी." म्हणजे शंकाच राहत नाही.

७. क्रियापदाचे फेरे : मराठीपेक्षा सोपे

आपल्याला वाटतं इंग्रजीच अवघड, पण बघा. "मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले." मराठीत जेवणातला पदार्थ बदलला की क्रियापद बदलतं. "तो आला, ती आली, ते आले," माणूस बदलला की पुन्हा बदललं. इंग्रजीत आंबा, पोळी, पोहे सगळ्यांना "आय एट." ही, शी, दे सगळ्यांना "केम."

वर्तमानकाळात एकच ठिकाणी लक्ष द्यायचं : ही, शी, इट किंवा एकाच माणसाचं नाव असेल तर क्रियापदाला शेवटी "स" किंवा "झ" लागतो. आय वर्क, पण शी वर्क्स. वी लिव्ह, पण द प्रेसिडेंट लिव्ह्ज.

आता "इंग"ची गोष्ट. "मी ओळखतो" याला आपल्याकडे सर्रास "आय अ‍ॅम नोइंग" म्हणतात. "माझ्याकडे आहे" याला "आय अ‍ॅम हॅविंग." आपल्याच समाजाचे नामवंत इंग्रजी कवी निस्सिम इझिकेल, जन्म १९२४, मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवत. हिंदुस्थानी माणसाचं हे "इंग" त्यांनी नेमकं टिपलं आणि त्यावर गंमतीदार, मायाळू कविता लिहिल्या. निरोप समारंभात मिस पुष्पाबद्दल केलेल्या भाषणाची त्यांची कविता तर पुष्कळांनी कॉलेजात अभ्यासली असेल. कवितेत ते गोड वाटतं, मुलाखतीत साधा काळ वापरा. नियम असा : काम आत्ता डोळ्यांसमोर चालू असेल तरच "इंग." आय अ‍ॅम सिटिंग हिअर. नेहमीची गोष्ट असेल, किंवा माहीत असणं, जवळ असणं, हवं असणं असेल, तर नको. आय नो हिम. आय हॅव अ ग्रीन कार्ड. आय वॉन्ट टू बिकम अ सिटिझन.

८. प्रश्न आणि नकार : "डू"ची मदत

मराठीत प्रश्न करायला "का" किंवा आवाजाचा चढ पुरतो. इंग्रजीत आहे-होतेची वाक्यं नुसती उलटतात : यू आर मॅरीड, याचा प्रश्न आर यू मॅरीड? बाकीच्या क्रियापदांना पुढे मदतनीस लागतो : डू, डझ किंवा डिड.

यू वर्क. डू यू वर्क?
शी वर्क्स. डझ शी वर्क?
यू वर्क्ड. डिड यू वर्क?

"स" किंवा भूतकाळाची खूण मदतनीस स्वतःकडे घेतो, मग मूळ क्रियापद साधंच राहतं. मुलाखतीत प्रश्न तुम्हाला विचारायचे नसतात, पण ओळखायचे नक्की असतात. पहिला शब्द नीट ऐका. "डू" ऐकलं तर आत्ताची गोष्ट, "डिड" ऐकलं तर झालेली गोष्ट, "हॅव यू एव्हर" ऐकलं तर जन्मात कधीतरी. "व्हेअर" म्हणजे कुठे, "व्हेन" म्हणजे कधी, "व्हाय" म्हणजे का, "हू" म्हणजे कोण.

नकाराला मदतनिसाच्या मागे "नॉट" : आय डू नॉट वर्क. शी डझ नॉट वर्क. आय अ‍ॅम नॉट वर्किंग. "आय नो वर्क" म्हणायचं नाही.

९. हो आणि नाही : इथे खरा धोका

हा भाग दोनदा वाचा.

"तुम्ही जेवला नाहीत?" असं कोणी विचारलं आणि आपण उपाशी असलो, तर आपण म्हणतो, "हो, नाही जेवलो." मराठीतलं "हो" समोरच्याच्या बोलण्याला असतं : तुझं बरोबर आहे. इंग्रजीतलं "येस" आणि "नो" प्रत्यक्ष गोष्टीला असतं. जेवलो नाही म्हणजे "नो, आय डिड नॉट ईट." प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी उत्तर तेच.

एन-४०० अर्जात "हॅव यू एव्हर" या शब्दांनी सुरू होणारे कितीतरी प्रश्न आहेत. तुम्हाला कधी अटक झाली आहे का, कधी खोटी माहिती दिली आहे का, असे. आयुष्यात पोलीस चौकीची पायरी न चढलेली आजी नुसतं सौजन्याने "येस, येस" म्हणाली तर अधिकाऱ्याला ते लिहून घ्यावं लागतं. दुसऱ्या टोकाला काही जण सगळ्याला "नो" म्हणायचं असं ठरवून जातात. तेही चुकीचं, कारण मध्येच विचारतात, अमेरिकेच्या संविधानाला तुमचा पाठिंबा आहे का? शपथ घ्यायला तयार आहात का? तिथे "नो" म्हटलं तर अडचण झालीच.

उपाय सोपा आहे. एका शब्दात उत्तर देऊ नका. छोटं पण पुरं वाक्य बोला, आणि जे खरं असेल तेच बोला, कारण मुलाखतीच्या सुरुवातीलाच खरं सांगण्याची शपथ देतात.

हॅव यू एव्हर बीन अरेस्टेड? नो, आय हॅव नेव्हर बीन अरेस्टेड.
डू यू सपोर्ट द कॉन्स्टिट्यूशन? येस, आय सपोर्ट द कॉन्स्टिट्यूशन.
आर यू विलिंग टू टेक द ओथ? येस, आय अ‍ॅम विलिंग.

पुरं वाक्य बोललात की "येस-नो"मध्ये घसरलात तरी अधिकाऱ्याला खरा अर्थ कळतो. कधी कधी शब्दाचा अर्थही विचारतात. "ओथ" म्हणजे काय? "अ सीरियस प्रॉमिस" एवढं सांगितलं की पुरे. "अरेस्टेड" म्हणजे "द पोलीस टेक यू."

१०. हीच वाक्यं दवाखान्यातही

परीक्षा एका दिवसाची, पण वाक्य जन्माला पुरतं. घरात एकटे असताना ९११ला फोन करायची वेळ आली, तर कर्ता गाळलेलं वाक्य घात करतं. "फेल डाउन, नॉट टॉकिंग" यातून कोण पडलं तेच कळत नाही. "माय हजबंड फेल. ही इज नॉट टॉकिंग. प्लीज सेंड अ‍ॅन अ‍ॅम्ब्युलन्स." तीन छोटी वाक्यं, तिन्हींत कर्ता किंवा काम स्पष्ट. आणि पत्ता आधी सांगा.

डॉक्टरकडे "मला छातीत दुखतंय" याला "आय हॅव चेस्ट पेन." "मला चक्कर येते" याला "आय फील डिझी." जास्त बोलायचं असेल आणि जमत नसेल तर म्हणा, "आय नीड अ मराठी इंटरप्रिटर." केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषा फुकट द्यावा असा कायदा आहे. पुष्कळदा तो फोनवर मिळतो. लेकीला कामावरून बोलावलंच पाहिजे असं नाही.

सरावासाठी

परीक्षेच्या वाचन-लेखनात येणाऱ्या शब्दांची यादी यूएससीआयएस फुकट देतं. वाक्यं साधारण अशा धाटणीची असतात. रोज दोन मोठ्याने वाचा, मग कोणाला तरी सांगायला लावून लिहा.

वॉशिंग्टन वॉज द फर्स्ट प्रेसिडेंट.
द प्रेसिडेंट लिव्ह्ज इन द व्हाइट हाउस.
काँग्रेस मीट्स इन वॉशिंग्टन डी.सी.
द फ्लॅग हॅज फिफ्टी स्टार्स.
अलास्का इज द लार्जेस्ट स्टेट.
इंडिपेन्डन्स डे इज इन जुलै.
सिटिझन्स कॅन व्होट.

प्रत्येक वाक्यात बोट ठेवून विचारा : करणारा कोण? काम कोणतं? मग बाकीचं. "द" हा शब्द मराठीत नाही, म्हणून तो विसरतो. पण एखादा छोटा शब्द राहिला आणि अर्थ कळला तर त्यावरून नापास करत नाहीत. क्रियापद मात्र राहता कामा नये.

पहिल्या वाक्यातल्या वॉशिंग्टनविषयी नातवंडांना आवर्जून सांगा. १७९० साली त्यांनी न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंडच्या यहुदी मंडळींना पत्र लिहून, या देशात प्रत्येकाला आपापल्या धर्माने निर्भयपणे राहता येईल अशी ग्वाही दिली होती. परीक्षेचं वाक्य नुसतं पाठांतर वाटणार नाही.

शब्बाथच्या जेवणानंतर अर्धा तास घ्या. वही-पेन्सिलला हात न लावता एकाने मराठीत वाक्य सांगायचं, दुसऱ्याने इंग्रजीत बोलायचं. हसू आलं तर येऊ दे, पण वाक्य पुरं करा. लेखनाचा सराव रविवारपासून. तयारी करणाऱ्या सगळ्यांना हत्सलाखा, यश लाभो.